तिसऱ्या दिवसाच्या रेघा

"मावशी, आत्ताची धरून किती झाल्या?"

मी भांडं झाकून मोरीकडे निघाले होते. हेमांगी कुशीवर वळून माझ्याकडे बघत होती. ओठ पांढरे पडलेले, केस कपाळाला चिकटलेले, पण डोळे चांगले जागे होते.

"सहा," मी म्हटलं. "सकाळपासनं सहा."

"आणि लांब किती?"

"सगळ्या लांबच हायेत, बाई."

तिने डोकं उशीवर टाकलं. तिची आई खिडकीशी बसून मोसंबी सोलत होती. लांब-आखूड काय चाललंय हे त्या माउलीला कळत नव्हतं. तिने फक्त विचारलं, "रस देऊ का गं थोडा?" हेमांगीने मान हलवली. मोरीतून परत येऊन मी खाटेच्या पायथ्याशी बांधलेल्या कागदावर सहावी रेघ ओढली. लांब.

तो बुधवार होता. ती दाखल झाल्याचा दुसरा दिवस.

मी तेव्हा पंचावन्न वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात पोटाच्या वॉर्डात आया होते. नाव कौसल्या पाटोळे, पण सगळे कौसामावशी म्हणत. त्या वॉर्डात रोग्याला दिवसातून किती वेळा जावं लागलं हे टिपायचं काम आयाकडे असे. मला अक्षर येत नव्हतं, आकडाही येत नव्हता. म्हणून आमच्या सिस्टर वायदंडेंनी मला रेघा शिकवल्या होत्या. एक वेळ, एक रेघ. पाच झाल्या की बोटभर जागा सोडायची. पेन्सिल दोऱ्याने कागदालाच बांधलेली. रक्त पडलं तर रेघ लांब आणि नाही पडलं तर आखूड, हे मात्र माझं मी काढलं होतं. सकाळी सिस्टर त्या रेघा मोजून आकडा फाइलीत लिहीत. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर, हुपरीकर मॅडम, नव्या डॉक्टरांना सांगायच्या, "मशीन चुकेल, कौसाबाईंची रेघ चुकत नाही." हे मी घरी जाऊन कितीदा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

हेमांगी दुधाळ सव्वीस वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न होऊन दहा महिने झालेले. मोठ्या आतड्याला आतून जखमा पडायचा आजार तिला होता. मॅडम सांगायच्या की यात बाहेरून काही लागत नाही, शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. तीन वर्षं गोळ्यांवर चाललं होतं. पावसाळ्याच्या शेवटी ते एकदम उसळलं आणि तिला उचलून आणावं लागलं. शिरेतून औषध सुरू झालं. पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला उघड सांगितलं होतं: तीन दिवस बघायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या चोवीस तासांत आठ किंवा त्याहून जास्त रेघा निघाल्या, तर औषध लागू पडत नाही असं धरायचं. मग सर्जनला बोलवायचं आणि मोठं आतडं काढून टाकायचं. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवायचं आणि त्यावर पिशवी लावायची. दुसरं औषध तेव्हा आमच्या इस्पितळात नव्हतं.

"किती दिवस पिशवी?" तिने विचारलं होतं.

"पुढे आतून जोडता येतं काहींना," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना नाही. पण माणूस जगतो, कामाला जातो."

मॅडमचा एक अभ्यासही चालला होता. अशा रोग्यांचं रक्त पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी एका वेगळ्या नळीत घ्यायच्या. त्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून तळमजल्यावर पोचवणं माझ्याकडे होतं. तिथे ते रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी काढत आणि कडक गारठ्याच्या फ्रीजमध्ये ठेवत.

मंगळवारी पहिली नळी भरताना हेमांगीने विचारलं, "हे कशाला वेगळं, मॅडम?"

"अभ्यासासाठी. सही घेतली ना मघाशी तुमची."

"सही केली, वाचलं नाही. पोट दुखत होतं."

"शिक्षिका असून?" मॅडम हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "ऐका. पेशीत काय काय बनवायचं याच्या चिठ्ठ्या फिरत असतात. मायक्रो-आरएनए म्हणून अगदी बारके तुकडे असतात, ते त्या चिठ्ठ्यांना जाऊन चिकटतात आणि म्हणतात, पुरे, आता बनवू नका. तुमच्या आजारात त्यातले काही कमी पडतात आणि काही नको तितके वाढतात, असं दिसलंय. मग सूज आवरत नाही. यातले काही तुकडे रक्तात उतरतात. औषध लागू पडणाऱ्यांच्या आणि न पडणाऱ्यांच्या रक्तात ते वेगवेगळे दिसतात का, हे मला बघायचंय."

"म्हणजे ऑपरेशन करायचं का, ते माझं रक्तच सांगेल?"

"आज नाही सांगणार. साठ जणांचं जमलं की सगळं एकदम तपासायचं. दोन वर्षं तरी लागतील. आणि तेव्हाही सांगेलच असं नाही. आज आपल्याकडे याच आहेत." त्यांनी खाटेच्या पायथ्याकडे, माझ्या कागदाकडे बोट केलं.

मॅडम गेल्यावर मी म्हटलं, "चिठ्ठ्या म्हणं. रक्तात कोण लिहायला बसलंय?"

"असतात, मावशी. खरंच."

"आमच्या गल्लीत दोन-चार म्हाताऱ्या होत्या. नळावर भांडण पेटायला लागलं की मधे पडायच्या, गप बसा गं म्हणायच्या. तसलंच दिसतंय तुझं ते मायक्रो."

तिला हसू आलं. पोट धरून हसली, मग कळ आली तशी थांबली. "मी सातवीला विज्ञान शिकवते," ती म्हणाली. "पोरांना हे असंच सांगणार."

मग तिने माझा कागद मागून घेतला आणि रेघा बघितल्या. "किती सरळ ओढता हो. आमच्या शाळेतली पोरं चौथीपर्यंत वाकड्याच ओढतात. तुम्हाला अक्षर पटकन येईल."

"आता काय करायचंय अक्षर? माझी लाकडं निघाली मसणात."

"बसा इथं."

तिची टाचणवही पिशवीत होती. उद्या वर्गात काय शिकवायचं ते शिक्षक ज्या वहीत लिहून ठेवतात ती. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने उभी रेघ ओढली. "ही तर तुम्ही रोज काढता." मग रेघेच्या एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला आकडी काढली. "हा झाला क. कौसल्यातला." माझ्या हातात पेन्सिल देऊन तिने माझं बोट धरलं. बोट तापलेलं होतं तिचं. मी पाच वेळा क काढला. आयुष्यात कुणी शिकलेल्या माणसाने माझा हात असा धरला नव्हता.

बुधवारी दुपारी लवटे आला. हणमंत लवटे एसटीत कंडक्टर होता, सहा महिन्यांपूर्वी त्याचं आतडं आमच्याकडेच काढलं होतं. तपासणीला आला की वॉर्डात डोकावून जायचा. त्या दिवशी वाटेत त्याची पिशवी सुटली होती. शर्ट खालून भिजलेला. वॉर्डाच्या बेसिनपाशी उभं राहून, शर्ट वर करून, तो आपला पोट धुवायला लागला. वास सगळीकडे गेला.

"काय रे, हितं उघडाच?" मी म्हटलं.

"तर काय, मावशी. आता माझं तिकीट पुढनंच फाटतं." मग त्याला हेमांगी बघताना दिसली. "घाबरू नका ताई. मी ड्यूटीवर जातोय की. फक्त कातड्याची ब्याग ह्या बाजूची त्या बाजूला घेतली."

हेमांगीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तो गेल्यावर तिने चादर पोटावर ओढून घेतली. मग म्हणाली, "मावशी, फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की पदर सरकतो. मुलं सगळं बघतात. चाळीस मुलं."

"आतून घालायचं काहीतरी."

"आणि वास?"

तिचा नवरा मंगळवारी तिला इस्पितळात सोडून पुण्याला कामावर गेला होता. जाताना दारातूनच म्हणाला होता, फोन करतो. सासू म्हणायची, हिच्यापायी संडासाला कडी लावायची सोय राहिली नाही. हे तिने मला हसत सांगितलं होतं. त्या बुधवारी ती हसत नव्हती.

दुसऱ्या पाळीची तुळसा रजेवर होती. म्हणून दोन्ही पाळ्या मीच केल्या. सगळ्या रेघा माझ्या हातच्या. गुरुवारी सकाळी सहाला शेवटचं भांडं धुऊन मी खाटेशी आले तेव्हा कागदावर अकरा होत्या. पाच, जागा, पाच, जागा, एक. सगळ्या लांब.

तिची आई खाली चहा आणायला गेली होती. हेमांगीने हात पुढे केला. "दाखवा."

मी दाखवला. तिने दोनदा मोजल्या. मोजायची काही गरज नव्हती.

"मावशी, औषध लागू पडतंय मला. आतून कळतंय. काल कळ पोटभर यायची, आज एका बाजूलाच येते."

"बरं हाय की मग."

"पण यांना अकरा दिसणार. आज दुपारी नेतील." तिने माझं मनगट धरलं. "दोनच दिवस द्या मला. शनिवारी नाही कमी झालं, तर मी स्वतः सांगेन मॅडमना, काढा म्हणून. पोट माझं आहे ना, मावशी?"

"मला काय इचारतीस, बाई. मी आया."

"तुमच्याच रेघा बघतात ते."

मी उभी राहिले. बाहेर झाडलोट करणाऱ्यांचा आवाज येत होता. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मी नीट सांगू शकते, कारण त्यानंतर ते रोज येत राहिलं. दोन दिवसांनी काय जातंय, असं आलं. पोरीचं वय काय, असं आलं. आणि आज स शिकवते म्हणाली होती, हेही आलं.

मी कागद सोडवला, घडी करून झंपरात घातला. कपाटातून कोरा आणून बांधला. त्यावर पाच रेघा ओढल्या. आखूड.

नऊला मॅडम आल्या. सिस्टर वायदंडेंनी आकडा वाचला, "पाच. रक्त नाही." मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी नाडी धरली, घड्याळ बघितलं.

"एकशे बारा. नाडी अजून का पळतेय?" त्यांनी सिस्टरना विचारलं, "सूज मोजायचा रिपोर्ट?"

"आपल्याकडचं तपासणीचं औषध संपलंय, मॅडम. रक्त बाहेर पाठवलंय. शनिवारी येईल."

मॅडमनी तिच्या पोटावर हात ठेवून दाबलं. "दुखतं?"

"नाही," हेमांगी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. मी पायथ्याशी होते. चादरीखाली तिच्या पायाची बोटं आत मुडपली होती, ती मला दिसली. मॅडम तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "कौसाबाई, पाच? नक्की?"

"पाचच."

"दोन्ही पाळ्या तुमच्याच होत्या ना?"

"व्हय. मी आजवर चुकलीय का, मॅडम?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही चुकलात." आणि सिस्टरना सांगितलं, "सर्जनना कळवा, आज नको. औषध चालू ठेवा, शनिवारी बघू."

तिसऱ्या दिवसाची नळी भरली. मी ती बर्फाच्या पेटीत घालून तळमजल्यावर नेली. तिथल्या माणसाने नंबर विचारला, मी चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचलं, "सदतीस." नळी आत गेली.

शुक्रवारी दुपारपर्यंत नऊ झाल्या. मी चार लिहिल्या. तिने मला स शिकवला, क ला दोन मात्रा आणि काना कसा लावायचा ते शिकवलं. वहीत कौस झालं. पुढचं ल्या जोडाक्षर होतं, त्याला वेळ लागणार होता. "उरलेलं उद्या," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

संध्याकाळपासून मात्र खरंच कमी झालं. भांडं मागेचना. शनिवारी सकाळी मी कागद बघितला तर रात्रीत दोनच रेघा. खऱ्या दोन. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, मी लिहिलं ते खरं झालं. पोरीला आतून कळत होतं, तेच बरोबर होतं. तिच्या आईलाही मी म्हटलं, "उतार पडला बघा." आईने हात जोडले. मला जोडले.

अकरा वाजता मी तिला पुसायला गेले. पोटावरून फडकं फिरवलं तर हाताखाली पोट लागेना, ताणलेलं कातडं लागलं, ढोलाच्या पानासारखं. मी हाक मारली. तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. वर बघितलं.

आतडं दमलं होतं. फुगून गप पडलं होतं, म्हणून रेघा कमी झाल्या होत्या. हे मला नंतर कळलं. मॅडम धावत आल्या. पोटाचा फोटो काढला, सर्जन आले. तीन वाजता तिला वर ऑपरेशनला नेलं. नेताना मॅडम सर्जनशी बोलत होत्या, "गुरुवारी पाच, काल चार, आज दोन. कमीच होत होतं सर, बघा ना, सगळं कमीच होत होतं." कागद त्यांच्या हातात होता. मी भिंतीला लागून उभी होते.

आतडं फुटलेलं निघालं. ते काढलं, पिशवीही लावली. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली.

तिच्या आईने जाताना सामान आवरलं. टाचणवही माझ्या हातात दिली. "हे मागल्या पानावर तुमच्यासाठी लिव्हलंय तिनं. घ्या. तुमी लई केलं तिचं, मावशी. पोटच्या पोरीगत केलं."

मी घेतली. काही बोलले नाही. मॅडमना नाही, सिस्टरना नाही, घरी नाही. घडी केलेला कागद मी त्या वहीत घातला आणि वही ट्रंकेत.

वर्षभराने ती बाहेर काढली. सिस्टर वायदंडे दुपारी जेवणानंतर अर्धा तास मला शिकवायला लागल्या. हेमांगीने जिथे सोडलं होतं तिथून. त्यांना वाटलं, म्हातारपणी हौस आलीय. ल्या यायला मला आठ दिवस लागले.

आणखी दहा महिन्यांनी एका दुपारी मी मॅडमच्या खोलीत फरशी पुसत होते. साठ रोगी पुरे झाले होते. फ्रीजमधलं सगळं मोठ्या गावी पाठवून तपासून आलं होतं. मॅडम संगणकापुढे बसल्या होत्या. पडद्यावर ठिपके होते. खाली डाव्या कोपऱ्यात दाट, मग चढावरच्या माणसांसारखे वर उजवीकडे गेलेले.

"कौसाबाई," त्या वळून म्हणाल्या, "बर्फाची पेटी तुम्हीच न्यायचात ना?"

"व्हय."

"कधी दोन नळ्या एकदम नेल्यात? अदलाबदल झाली असेल, असं काही?"

"न्हाई मॅडम. एका येळी एकच."

"तेच तर." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा. आडव्या बाजूला तिसऱ्या दिवसाच्या रेघा. उभ्या बाजूला रक्तातले ते बारके तुकडे. रेघा जास्त, तसे तुकडे जास्त. सगळे एका ओळीत येतात बघा. आणि हा एकच." डावीकडे, पण एकदम वर, एक ठिपका एकटा होता. "रेघा पाच, आणि रक्त अकरा-बारा रेघांच्या माणसाचं. तिसऱ्याच दिवशी हे रक्त सांगत होतं की औषध लागत नाही. मग रेघा पाच कशा? एक तर नळी बदलली, नाहीतर माझाच अभ्यास फुसका."

मी विचारलं, "नंबर काय ह्याचा?"

"सदतीस." मग जरा थांबून, "त्या बाई. शिक्षिका."

फरशीवर फडकं तसंच राहिलं.

"मी हा ठिपका काढून टाकणार आहे," मॅडम म्हणाल्या. "कारण द्यावं लागतं. नळी हाताळताना चूक, असं लिहिते." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "दोन वर्षं मला वाटतंय, गुरुवारीच का नाही नेलं. मग फाइल उघडते, पाच रेघा बघते, आणि वाटतं, माझं बरोबर होतं."

मी उठले. "येते," म्हटलं. वही माझ्या डब्याच्या पिशवीत असायची, सिस्टरकडे शिकायला लागत असे म्हणून. ती आणली. कागद काढून मॅडमपुढे ठेवला आणि घडी उघडली. पेन्सिल पुसट झाली होती, पण दिसत होतं. पाच, जागा, पाच, जागा, एक.

त्यांनी मोजल्या. मग बोट ठेवून परत मोजल्या.

"हे कधीचं?"

"त्याच गुरुवारचं. खरं हे. फायलीतलं मी नंतर ओढलेलं."

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या.

"का?"

"तिनं दोन दिवस मागितले."

"आणि तुम्ही दिले."

"व्हय."

"मी तुम्हाला विचारलं होतं, कौसाबाई. तोंडावर विचारलं होतं."

"इचारलं होतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद हातात धरला, उलटा केला, मागची बाजू कोरी होती. "यावर नाव नाही," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा झाला होता. "कुणाच्या, कुठल्या दिवसाच्या रेघा, काही नाही. असा कागद मला धरता येत नाही." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. त्यांना वाटलं असेल मी अंगठा मागेन. मग त्यांची नजर उघड्या वहीवर गेली, मागच्या पानावर, जिथे वरचा क हेमांगीचा होता आणि खालचे सगळे माझे. त्या पानाकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

मी खुर्चीत बसले. तोवर वहीबाहेर मी माझं नाव सोडून दुसरं काही कागदावर उतरवलं नव्हतं. ह काढताना हात थांबला. तो मला नीट येत नव्हता. सिस्टरनी परवाच परत गिरवून घेतला होता. तरी काढला. हेमांगी दुधाळ. तिसरा दिवस. अकरा. सगळ्या रक्ताच्या. खाली लिहिलं, पाच खोट्या. कौसल्या पाटोळे.

मॅडमनी वाचलं. मग पाचाच्या जागी कळफलकावर दोन वेळा एक दाबला.

एकटा ठिपका नाहीसा झाला. वर उजवीकडे, ओळीतल्या मोकळ्या जागी, तो पुन्हा उमटला. असा बसला की आधी तो तिथे नव्हता हे कुणाला कळलं नसतं.

"ह्या वरच्या टोकाला किती जणं हायेत, मॅडम?"

"ही धरून दहा."

"बाकीचे नऊ?"

"आतडं काढलं सगळ्यांचं."

"हायेत?"

"आहेत," त्या म्हणाल्या. "नऊच्या नऊ आहेत."

पुढे चौकशी झाली. मला वॉर्डातून काढून धुण्याच्या कपड्यांच्या कोठीत टाकलं, निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं. मी बादली उचलली आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर लवटे बसला होता. तपासणीचा नंबर लागायचा होता. बशीत चहा ओतून फुंकर घालत होता.

"काय मावशी," तो म्हणाला, "आज खुर्चीत बसवून लिहायला लावलं मॅडमनी? दारातनं दिसलं मला. साहेब झालात की."

मी त्याच्या पोटाकडे बघितलं. खाकी शर्टाच्या आत, एका बाजूला जरा फुगीर, पिशवी होती. तो चहा पीत होता.